सुनेच्या माहेरची घोडी

पळसबोडी, ता. सिंदेवाही
२० नोव्हेंबर १९९७

विहीणबाई कुंताबाईंले मनसारामचा रामराम.

इकडं सगळे खुशाल आहेत. तुमची रुपाली खुशाल, आमचा अमर खुशाल. तुमचा-आमचा नातू आता रांगते अन् सापडन ते तोंडात घालते. खुशाल नाही असा पुऱ्या गावात एकच माणूस आहे, सरपंचाचा भाचा. तो काऊन खुशाल नाही, ते सांगासाठीच हे आंतरदेशीय आणलं.

विहीणबाई, तुमी मले घोडी देली का ससा देला?

आमी तलावाचे लोक. जाळं अन् डोंगा सोडून आमाले कशातलं काय समजते. आमचे व्याही सुकलूजी गेले, राजुऱ्यात ऑटो आले, टांग्यात कोणी बसत नाही, म्हणून पाऊस संपल्यावर तुमी कबुतरी आमच्या घरी पाठवली. घोडी पाहाले पुरा गाव आला होता. रुपालीनं तिच्या गळ्यात पडून पोटभर रडून घेतलं. सरपंच म्हणाले, मनसाराम, माह्या भाच्याची वरात हिच्यावर काढू. मलेही मोठेपणा वाटला. मी म्हटलं, काढा.

मांडवाच्या तोंडाशी बँडवाल्या वारलूनं ढोलावर पहिला ठोका देला. कबुतरीनं कान उभे केले, जाग्यावर नाचली अन् नवरदेव घेऊन बोडीकडं पळाली. पाण्याच्या काठावर ती थांबली. नवरदेव नाही थांबला. तो बाशिंगासकट पाण्यात गेला. माह्या लहान्यानं, मिथुननं, उडी मारून त्याले काढलं. पाण्यातून वस्तू काढाची आमच्या घराले सवयच आहे. भाचा बाहेर आला तं त्याच्या बाहीतून झिंगे पडून राह्यले होते.

तवापासून ती कशालेही बुजते. कोंबडीले बुजते, सायकलच्या घंटीले बुजते, वाळत घातलेल्या धोतराले बुजते. काल माह्या शिंकेले बुजली.

आता हसण्याची गोष्ट संपली. माही घरवाली रुखमा म्हणते, घरात रांगतं लेकरू आहे, ही एखाद्या दिवशी दावं तोडून त्याच्या अंगावर जाईन. मूल गावच्या बाजारातला एक व्यापारी येऊन पाहून गेला. तो घोड्यायचं पुढं काय करते, ते मी विचारलं नाही अन् त्यानंही सांगतलं नाही. रुखमानं मुदत देली आहे. मिथुनचं लगन वैशाखात आहे. तोवर घोडी शहाणी होऊन मिथुनची वरात काढाच्या लायक झाली तं राहीन, नाही तं व्यापाऱ्यासंगं जाईन. काय करू ते लिहा.

तुमचा
मनसाराम


राजुरा
१ डिसेंबर १९९७

व्याहीबुवा मनसारामजींले कुंताचा रामराम. रुखमाबाईले, रुपालीले अन् माह्या रांगणाऱ्याले आठवण.

तुमचं पत्र वाचून मी चुलीपुढं इतकी हसली का शेजारीण धावत आली. म्हणाली, कोणाचं लगन ठरलं काय? मी म्हटलं, ठरलेलं एक भिजलं. नवरदेवाले पोहता येत होतं का नाही, ते तुमी लिहिलंच नाही.

आता तुमीच विचार करा. कबुतरी राजुऱ्याच्या बस स्टँडावर उभी राहत होती. एका बाजूनं एसटी, दुसऱ्या बाजूनं कोळशाचे ट्रक, मधात भोंगे अन् भांडणं. लग्नसराईत टांगा सोडून तिच्यावर नवरदेव बसत होते. किती नवरदेव तिनं पोचवले, सगळे कोरडे. ती राजुऱ्यात ट्रकले भेली नाही अन् पळसबोडीत कोंबडीले भेते? मंग जे काही झालं ते घोडीले नाही झालं, घोडीच्या मालकाले झालं.

मले तीन गोष्टी खऱ्या खऱ्या सांगा. तिले काय खाऊ घालता, कुठी बांधता, काय काम सांगता. लाजू नोका. अन् त्या व्यापाऱ्याले चहा पाजू नोका, चहा पेलेला माणूस परत येते.

रुखमाबाईचं भेव बरोबर आहे. घोडी शांत होतपर्यंत लेकराले तिच्याजवळ जाऊ देऊ नोका. पण वैशाखापर्यंतची मुदत देली ती पाळा. मी सगळं हसून लिहून राह्यली, येवढं एक हसून नाही लिहीत. कबुतरी त्या व्यापाऱ्याच्या दोरीले बांधली असं मी ऐकलं, तं मले अन्न गोड लागणार नाही.

कुंता


पळसबोडी
१२ डिसेंबर १९९७

विहीणबाईंले रामराम.

तुमी विचारलं ते बरं केलं. आता वाचा अन् सांगा, आमच्या पाहुणचारात कुठी कमी आहे.

सकाळी भिजवलेला चना, वरतून गूळ. संध्याकाळी पुन्हा चना, पुन्हा गूळ. थंडी पडली म्हणून वाळलेले मोहफुलं, आमी बैलाले देतो तसे. सणावाराले रुखमा पुरण काढून ठेवते. मी स्वतः इतका गूळ खाल्ला नाही जन्मात.

बांधलं आहे घराच्या पुढच्या सपरीत, जिथी व्याही-विहीण आले तं बसवतो तिथी. तोंड भिंतीकडं केलं, कारण येणारा-जाणारा दिष्ट लावते. मांगच्या बाजूले आमचे जाळे वाळत असतात. समोरचे पाय, मांगचे पाय, दोन्हीले दोऱ्या. अंगावर झूल. शुक्रवारी रुखमा हळद-कुंकू लावून घंटी वाजवते.

अन् काम? विहीणबाई, हे तुमी विचारलंच कसं? सुनेच्या माहेरून आलेलं जनावर मी राबवू? तिच्या पाठीवर मासोळ्याचे टोपले टाकू? लोक म्हणतीन, मनसारामनं व्याह्याच्या मांगं त्यायची घोडी कामाले जुंपली. मी टोपलं सायकलले बांधून सिंदेवाहीच्या बाजारात नेतो, चढावर उतरून ढकलतो, दम लागते. ती सपरीत गूळ खाते. आजवर तिच्या पाठीवर मी चिमणी बसू देली नाही. सरपंचाच्या भाच्याची गोष्ट वेगळी, ते काम नव्हतं, तो मान होता.

आता सांगा, काय चुकलं?

मनसाराम


राजुरा
२४ डिसेंबर १९९७

व्याहीबुवांले रामराम.

तुमी घोडी ठेवली नाही, तुमी घरजावई ठेवला.

दोन वेळ चना-गूळ, अंगावर झूल, सपरीत बैठक अन् काम काहीच नाही. असा जावई कोणाचाही बिघडते. तुमच्याच पोटात तेवढा चना अन् मोहफूल घातलं, तुमचे हातपाय बांधून तुमाले भिंतीकडं तोंड करून उभं केलं, अन् मांगून कोणीतरी जाळं फडफडवलं, तं तुमीही बोडीत उडी मारसान. वरतून घंटी.

आता मी सांगते तसं करा. रुखमाबाईले वाचून दाखवा, तुमी अर्धं गाळता.

मोहफुलं आजपासून बंद. माणसाले जे चढते ते घोडीले चढत नाही असं तुमाले कोणी सांगतलं? गूळ बंद. चना मात्र एकदम तोडू नोका, तिच्या पोटात दुखणं उठन. रोज मूठ-मूठ कमी करत न्या, शेवटी काम करून आली का वरतून मूठभर द्या, इतकाच. चना-गूळ म्हणजे चुलीतलं लाकूड आहे. काम असलं तं त्यावर भात शिजते, नसलं तं घर पेटते.

त्याच्या जागी गवत. बोडीच्या पाळीवरचं चांगलं गवत, थोडं वाळलेलं, थोडं ओलं, दिवसभर थोडं-थोडं समोर पडलेलं पायजे. घोडीचं तोंड चालत राहिलं तं डोकं शांत राहते. नुसत्या धानाच्या तणसीवर ठेवू नोका. मिठाचा खडा बांधून ठेवा, तिले चाटू द्या. पाणी आधी, दाणा मंग.

तिले सपरीतून काढा. घराच्या बाजूच्या मोकळ्या सांदवाडीत झाडाखाली बांधा, तोंड रस्त्याकडं. जे दिसते त्याचं भेव निघून जाते, जे मांगून ऐकू येते त्याचंच राहते. दिष्टीचं मी पाहून घेईन. मांगच्या पायाची दोरी सोडा, जाळे दुसरीकडं वाळवा. रोज सकाळी खरारा करा, अंग घासता घासता बोलत राहा. काय बोलता त्याले महत्त्व नाही. तुमाले तं बोलाले कारण लागतच नाही.

अन् तिले एकटी ठेवू नोका. इथी स्टँडावर तिच्यासंगं बाकीच्यायचे घोडे होते. दुसरी घोडी नाही तं एक बकरी बांधा.

शेवटचं, काम. आधी रिकामं टोपलं, मंग मासोळ्या. लोक काय म्हणतीन ते लोकायले म्हणू द्या. व्याहीबुवा, आठवते का, रुपाली नवी नवरी होऊन आली तं तुमी तिले महिनाभर पाटावरून उठू देलं नाही. तिनं मले रडून पत्र लिहिलं होतं, आई, मले इथी भेव वाटते, मले कोणी काहीच करू देत नाही. मंग रुखमाबाईनं तिच्या हाती चूल देली अन् तिचा जीव लागला. पाहुणा दाराच्या आवाजालेही दचकते. घरच्याले फुरसत नसते दचकाले.

कुंता


पळसबोडी
२ फेब्रुवारी १९९८

विहीणबाईंले रामराम.

तुमचं पत्र रुखमाले वाचून दाखवलं. रुपालीच्या रडण्याची गोष्ट आली तवा तिनं चुलीतलं लाकूड मांगं ओढलं. मंग म्हणाली, विहीण खरं बोलली. माह्याबद्दल असं वाक्य ती आजवर बोलली नाही, हे नोंद करून ठेवा.

सगळं तुमी सांगतलं तसं केलं. शेजारच्या पोचूची बकरी मागून आणली. बकरी म्हणजे अशी दादागिरी करणारी बाई का काय सांगू. पहिल्याच दिवशी कबुतरीचं गवत खाल्लं, तिच्या समोर बसली अन् रवंथ करत राहिली. कबुतरी तिच्याकडं पाहत राहिली. तवापासून दोघींचं जमलं. आता बकरी नजरेआड झाली का कबुतरी खिंकाळते.

रिकाम्या टोपल्याचा पहिला दिवस मी सांगणार नाही. इतकंच सांगतो का माह्या पाठीवर कोणाच्या धानाच्या बांधीतला चिखल होता ते गावानं ओळखलं. दुसऱ्या दिवशी टोपल्यात गवत टाकून नेलं, तवा जराशी चालली. मंग हळूहळू मासोळ्या. वास आवडला नाही तिले, नाक वर करून चालते, पाटलीणबाईसारखी. पण चालते. बाजारात मी पुढं, मंग कबुतरी, तिच्या मांगं बकरी. लोक विचारतात, मनसाराम, बकरी विकाले नेतो का घोडी? मी म्हणतो, मलेच विकाले नेऊन राह्यल्या दोघी.

बोलत राहा म्हटलं तुमी, तं खरारा करता करता मी बोलतो. मनातलं सगळं सांगतो. एक दिवस रुखमाबद्दल जे मनात होतं ते सांगून राह्यलो होतो, अन् रुखमा मांगं उभी होती. त्या दिवशी चना मलेही बंद झाला.

कबुतरीचे डोळे आता निवळले आहेत. आधी पांढरं दिसत राहत होतं. परवा रुपाली लेकराले कडेवर घेऊन तिच्यापासून हातभर दूर उभी होती, तं कबुतरीनं मान लांबवून त्याच्या टोपीचा वास घेतला अन् पुन्हा गवत खाल्लं. रुखमा हे पाहत होती. काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे पास.

आता राहिला बँड. त्याचं काय करू? अन् लगन वैशाखातच ठरलं, आठ मे. तुमी आधी आठ दिवस या. नातू वाट पाहते, असं तो बोलू शकला असता तं म्हणाला असता.

मनसाराम


राजुरा
२० फेब्रुवारी १९९८

व्याहीबुवांले रामराम.

बकरीले माह्याकडून शाबासकी द्या. रुखमाबाईले सांगा का घोडीशी बोलाची कल्पना माही होती, बोलण्यातला मजकूर माहा नव्हता.

बँडचं असं करा. वारलूले म्हणा का ती चारा खाऊन राह्यली असन तवा लय दुरून ढोल वाजव, हलक्या हातानं. तिनं खाणं सोडलं तं तो जवळ आला असं समजा, अन् त्याले मांगं सरकाले लावा. खात राहिली तं दुसऱ्या दिवशी जरासा पुढं. घाई केली तं पुन्हा बोडी आहे अन् पुन्हा झिंगे आहेत.

लग्नाले माहं येणं होईन असं वाटत नाही. गुडघे दुखतात, बसचा धक्का सोसत नाही. मिथुनचा आहेर कोणासंगं तरी पाठवते.

कुंता


पळसबोडी
३० मार्च १९९८

विहीणबाईंले रामराम.

वारलू रोज संध्याकाळी बोडीच्या पल्याडच्या पाळीवर बसून ढोल वाजवत होता. लोक समजले का त्याचं डोकं फिरलं. मंग तो अल्याड आला, मंग आंब्याखाली, मंग आमच्या गल्लीत. होळीच्या दिवशी सांदवाडीच्या तोंडाशी उभा राहून पुरा बँड वाजवला, तं कबुतरी गवत खात राहिली. बकरी उठून गेली, तिले गाणं आवडलं नसन.

पण एक नवीनच गोष्ट निघाली. बँड पुढं अन् घोडी मांगं, असं चालवून पाहिलं. ती बुजत नाही, पळत नाही, नाचत नाही. फक्त थांबते. मान वळवून मांगं पाहते, इकडं पाहते, तिकडं पाहते. कोणाची तरी वाट पाहून राह्यली असं वाटते. मी लगाम धरला, अमरनं धरला, मिथुननं धरला. एक पाऊल पुढं टाकत नाही. आधी पळणारी घोडी होती, आता उभी राहणारी आहे. रुखमा म्हणते, उभ्या घोडीवर वरात कशी जाईन? व्यापारी पुन्हा येऊन गेला. चहा पाजला नाही, तरी आला.

आता तुमच्या गुडघ्यायचं. राजुऱ्याहून आलेला एक माणूस सांगत होता का कुंताबाई दोन-दोन गुंड पाण्याचे डोक्यावर घेऊन चढ चढते. गुडघे कोणाचे दुखतात मंग, गुंडाचे? विहीणबाई, राग असन तं सरळ लिहा. मी तुमच्या घोडीवर मासोळ्या लादल्या, तिले वास लागला, तुमच्या मालकाची आठवण मी बाजारात फिरवली, असं काही मनात आलं असन तं मी टोपलं आजच उतरवतो. पण असं तोंड फिरवू नोका. तुमची घोडी शहाणी झाली अन् तुमीच बुजल्या.

मनसाराम


राजुरा
१० एप्रिल १९९८

व्याहीबुवांले रामराम.

गुडघे बरे आहेत. राग काहीच नाही. टोपलं उतरवू नोका, त्या टोपल्यानंच ती शहाणी झाली.

तुमी मजाकमधी लिहिलं का मी बुजली. खरं लिहिलं. माघात गडचांदूरले माह्या बहिणीच्या पोरीचं लगन होतं. रुपालीचे बाबा गेल्यावर पहिलंच लगन. मी हौसेनं गेली, पोळ्या लाटल्या, गाणे म्हटले. हळदीची थाळी बायायमधून फिरत फिरत माह्याजवळ आली, मी हात पुढं केला, अन् एका बाईनं थाळी उचलून माह्यावरून पुढं नेली. काही बोलली नाही. वाईट तोंडही केलं नाही. नुसती थाळी नेली. मी तसाच हात घेऊन मांडवाच्या मांगं जाऊन बसली. तवापासून बँडचा आवाज आला का मी दार लावून घेते. मिथुनच्या मांडवात, माह्या पोरीच्या सासरी, पुन्हा तसं झालं तं मले सोसणार नाही. म्हणून गुडघे दुखले.

अन् कबुतरी कोणाची वाट पाहते तेही सांगते. रुपालीचे बाबा शेवटच्या वर्षी खाटेवरच होते. टांगा मी हाकलत होती. पोरीच्या सासरी काय वाटन म्हणून तुमाले सांगतलं नाही. पदर कमरेले खोचून मी स्टँडावर जात होती, लग्नात नवरदेव बसला का लगाम धरून तिच्या कानाशी चालत होती. बँड वाजला का मी तिले म्हणत होती, चाल बाई, आपल्याले काय त्याचं. ते ऐकलं का ती पाय उचलत होती. आता तिच्या कानाशी कोणीच नसते.

येणं तं माहं होत नाही. उपाय एक सुचला. माह्या रोजच्या जुन्या लुगड्याचा तुकडा सोबत पार्सलनं पाठवते. जो लगाम धरीन त्याच्या खांद्यावर टाका. वासानं चालन ती.

कुंता


पळसबोडी
२२ एप्रिल १९९८

विहीणबाईंले रामराम.

तुमचा तुकडा भेटला. मी सांदवाडीतल्या खांबाले टांगला अन् हातपाय धुवाले गेलो. परत आलो तं बकरीच्या तोंडातून काठ लोंबत होता. आता लुगडं बकरीच्या पोटात आहे. तिच्यावर नवरदेव बसवता आला असता तं प्रश्न मिटला असता.

तुमचं पत्र मी रुखमाले वाचून दाखवलं. पुरं वाचलं, काहीच गाळलं नाही. ती सूप हातात घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर सूप खाली ठेवलं अन् म्हणाली, "विहिणीले लिहा, या घरात हळदीची थाळी माह्या हातात राहीन. ती कोणापुढं जाईन ते मी ठरवीन." मंग पुन्हा तांदूळ पाखडत बसली. रुपाली पदरानं डोळे पुसत होती. मी पण सांदवाडीत जाऊन उगाच घोडीचा खरारा केला.

टांगा हाकलला त्याची लाज कायची वाटली तुमाले? मले माहीत असतं तं मी पुऱ्या तालुक्यात सांगत फिरलो असतो का माही विहीण घोडी हाकलते. अजूनही सांगणार आहे.

आता ऐका. तुमचं औषध मी तुमालेच देऊन राह्यलो. पाहुणी म्हणून तुमाले बोलवत नाही. पाहुणी म्हणून सपरीत बसवलं तं तुमी भिंतीकडं तोंड करून बसान अन् मांगच्या प्रत्येक आवाजाले दचकान. मी तुमाले कामाले बोलवून राह्यलो. मिथुनच्या वरातीत घोडीचा लगाम धराचं काम. दुसरा माणूस नाही. तुमी नाही आल्या तं घोडी उभी राहीन, वरात उभी राहीन, मिथुन उन्हात बाशिंग बांधून उभा राहीन, अन् चालत येईन तो फक्त व्यापारी.

अमर चार तारखेले तुमाले घ्याले येईन. गुडघे घरी ठेवून या.

मनसाराम


राजुरा
१८ मे १९९८

व्याहीबुवांले, रुखमाबाईंले कुंताचा रामराम.

सुखरूप पोचली. अमरनं बसमधी जागा पकडून देली. शेजारीण विचारून राह्यली, गुडघे कसे आहेत? मी म्हटलं, पळसबोडीतच राहिले.

तिथी सगळ्यायच्या समोर मले हे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. रुखमाबाईनं थाळी आणून सरळ माह्या हातात देली अन् म्हणाली, पहिली हळद तुमी लावा. तवा मांडवातल्या बाया चूप झाल्या होत्या, ते मी ऐकलं. रुखमाबाई कोणाकडंही पाहत नव्हती. ती मिथुनले मान खाली कर म्हणून रागवत होती. मी लावली. माही बोटं अजून पिवळी आहेत, मी घासून काढली नाही.

अन् वरातीचं. वारलूनं पहिला ठोका देला, तवा लगाम थरथरला, तो सगळ्यायनं पाहिला. तुमी लांबून ओरडले, "विहीणबाई, सांभाळा, घोडी बुजली." व्याहीबुवा, घोडी नव्हती बुजली. हात माहा कापत होता. मी जाग्यावरच उभी होती. चाल बाई म्हणणारी मी, अन् मलेच म्हणणारं कोणी नव्हतं. कबुतरीनं मान खाली केली, माह्या खांद्याले नाक लावलं, अन् पहिलं पाऊल तिनं टाकलं. तिच्यासंगं मंग मी चालली. बोडीजवळून गेलो तवा मिथुननं लगाम नाही, माहा खांदा धरला होता. सरपंचाचा भाचा पाण्यापासून लांब चालत होता, तेही पाहिलं मी.

निघाच्या दिवशी तो व्यापारी आला होता. तुमी बाजारात होते. रुखमाबाई त्याले म्हणाली, घोडी विकाची नाही, सुनेच्या माहेरची आहे. मंग तो फाटकापर्यंत गेला, तं त्याले परत हाक मारून म्हणाली, माहेरची नाही, घरची आहे. हे ती तुमाले सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

माही एक तक्रार मात्र आहे. वरात झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून तुमी मले पुन्हा सपरीत चटई टाकून बसवलं, दर घटकेले चहा देला अन् कोणत्याच कामाले हात लावू देला नाही. मी दोन वेळा कोंबडीले दचकली.

आखाडात येईन म्हणते. तवा असं करू नोका. जाळ्याचं सूत काढून ठेवा, फाटलेलं एखादं जाळंही ठेवा, मले विणता येते. अन् बसाले सांदवाडीत जागा द्या, कबुतरीच्या बाजूले, तोंड रस्त्याकडं.

तुमच्या घरची
कुंता